गिलाव्याचा हिशेब जाडीत असतो

स्लॅब पडतो, भिंती उभ्या राहतात, वायरिंगचे पाइप भिंतीत बसतात आणि एक दिवस मिस्त्री विचारतो, "साहेब, प्लास्टरला सिमेंट किती मागवू?" घरमालकाला अंदाज नसतो, म्हणून उत्तरही मिस्त्रीच देतो : शंभर फुटाला एक गोणी. हा आडाखा खोटा नाही. गवंड्यांच्या कित्येक वर्षांच्या अनुभवातून तो आलेला आहे. मात्र तो एका ठरावीक भिंतीचा, ठरावीक जाडीचा आणि ठरावीक प्रमाणाचा आडाखा आहे. भिंत बदलली की तो कोलमडतो, आणि काम अर्ध्यावर आलेलं असताना पुन्हा दुकानात फोन करावा लागतो.

भिंतीची लांबी आणि उंची सगळेच मोजतात. त्यात फारशी चूक होत नाही. चूक होते ती जाडीत, कारण जाडी कोणी मोजतच नाही. कागदावर १२ मिमी लिहिलेलं असतं आणि भिंतीवर १८ मिमी चढतं. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण माल दीडपट लागतो. गिलाव्याचा अंदाज नीट काढायचा असेल तर पहिली टेप भिंतीच्या लांबीला नव्हे, तर तिच्या वाकडेपणाला लावली पाहिजे.

शंभर फुटाला एक गोणी, ती कशी?

आधी हा आडाखा आकड्यांत उलगडून पाहू. एकदा ही रीत कळली की कोणत्याही भिंतीचा हिशेब घरमालकाला स्वतः करता येतो.

आतल्या भिंतीला १२ मिमी जाडीचा, १:४ प्रमाणाचा, म्हणजे एक माप सिमेंट आणि चार मापं वाळू असा गिलावा धरू. १२ मिमी म्हणजे ०.०३९४ फूट. १०० चौरस फुटांवर हा थर दिला तर ३.९४ घनफूट ओला माल लागतो. पण विटांच्या सांध्यांमधली दर्ज गिलावा पकडून ठेवावी म्हणून साधारण १० मिमी खोल खरवडलेली असते. ती भरावी लागते, विटांचे लहानसहान खड्डेही भरावे लागतात आणि थोडा माल खाली पडून वाया जातो. या सगळ्यासाठी २० टक्के वाढ धरली की ४.७३ घनफूट होतात.

पुढची पायरी कोरड्या मालाची. सुटं सिमेंट आणि सुटी वाळू यांच्या कणांत पोकळ्या असतात. पाणी घालून कालवलं की माल दाटतो आणि आकारमान सुमारे पाव हिश्शाने घटतं. म्हणून ओल्या मालाला १.३३ ने गुणून कोरडा माल काढतात. ४.७३ गुणिले १.३३ म्हणजे जवळपास ६.३ घनफूट. त्याचे पाच वाटे केले तर एक वाटा सिमेंट, म्हणजे १.२६ घनफूट, आणि चार वाटे वाळू, म्हणजे ५ घनफूट. ५० किलोच्या गोणीत सुमारे १.२३ घनफूट सिमेंट असतं. तेव्हा उत्तर आलं : एक गोणी आणि पाच घनफूट वाळू. मिस्त्रीचा आडाखा बरोबर ठरला, पण १२ मिमी आणि १:४ या दोन अटींवरच.

याच रीतीने इतर थरांचे, दर १०० चौरस फुटांना लागणारे आकडे असे येतात :

- १२ मिमी, १:६ : सिमेंट पाऊण गोणीच्या आतबाहेर, वाळू ५.४ घनफूट
- १५ मिमी, १:४ : सिमेंट सव्वा गोणीहून किंचित जास्त, वाळू ६.३ घनफूट
- स्लॅबच्या खालच्या बाजूला ६ मिमी, १:३ : सिमेंट पाऊण गोणीहून कमी (०.६४), वाळू २.४ घनफूट

हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत. पुढचं सगळं त्यांच्यातच कमी-जास्त करायचं आहे.

जाडी आधी मोजा, माल मग सांगा

जाडी मोजायला महागडं यंत्र लागत नाही. ओळंबा, सुताची दोरी आणि स्टीलची पट्टी एवढं पुरतं. भिंतीच्या दोन्ही टोकांना वरपासून खालपर्यंत ओळंबा सोडायचा. मग आडवी दोरी ताणून भिंतीचा सगळ्यांत पुढे आलेला भाग शोधायचा. त्या ठिकाणी गिलावा किमान १० मिमी राहील अशा बेताने दोरी पक्की करायची. आता वर, मध्ये, खाली आणि डावीकडे, मधोमध, उजवीकडे अशा नऊ जागी दोरीपासून भिंतीचं अंतर मोजायचं. नऊ आकड्यांची सरासरी म्हणजे त्या भिंतीवर प्रत्यक्ष चढणाऱ्या गिलाव्याची जाडी.

चांगला गवंडी गिलावा सुरू करण्यापूर्वी भिंतीवर मालाचे ठिपके देऊन पातळी ठरवतोच. तेच काम माल मागवण्याच्या आधी झालं, तर एका मेहनतीत दोन उद्देश साधतात.

एक खोली घेऊ. १० फूट बाय १२ फूट, उंची १० फूट. चार भिंतींचा घेर ४४ फूट, म्हणून क्षेत्रफळ ४४० चौरस फूट. दार ३ बाय ७ चं, खिडकी ४ बाय ४ ची. ही दोन्ही वजा करून खिडकीच्या नि दाराच्या आत वळणाऱ्या कडा मिळवल्या की साधारण ४१० चौरस फूट उरतात. १२ मिमीने हिशेब केला तर सिमेंट ४.२ गोण्या आणि वाळू सुमारे २१ घनफूट.

आता समजा, ओळंब्याने मोजल्यावर सरासरी जाडी १८ मिमी निघाली. खड्डे-उंचवटे मोजमापातच आले, त्यामुळे दर्ज आणि सांडलवंड यांच्यासाठी २० ऐवजी १० टक्केच वाढ धरू. तरीही सिमेंट ५.८ गोण्या आणि वाळू २८ घनफूट लागते. एका खोलीत दीड गोणीहून जास्त फरक पडला. चार खोल्यांच्या घरात हा फरक सहा-सात गोण्यांवर जातो, आणि तो कोणाच्या चोरीमुळे किंवा हलगर्जीमुळे नव्हे, तर भिंत ओळंब्यात नसल्यामुळे पडतो.

जाडी मोजण्याचा दुसरा फायदा दर्जाचा. एका थरात १५ मिमीहून जास्त माल चढवला तर तो स्वतःच्या वजनाने खाली सरकतो, भिंतीपासून सुटतो आणि वाळल्यावर भेगाळतो. नऊपैकी दोन-तीन जागी २०-२५ मिमी अंतर दिसलं तर तिथे आधी पहिला थर देऊन तो खडबडीत ठेवायचा, सुकू द्यायचा आणि मग वरचा थर घ्यायचा, हे आधीच ठरवता येतं.

भिंत कशाची आहे?

भाजक्या विटांच्या भिंतीला दोन चेहरे असतात. गवंडी ज्या बाजूला दोरी लावून विटा बसवतो ती बाजू सरळ येते. विटांच्या मापात थोडा थोडा फरक असल्यामुळे तो सगळा दुसऱ्या बाजूला जाऊन साठतो. म्हणूनच सरकारी दरसूचींमध्ये सरळ बाजूला १२ मिमी आणि खडबडीत बाजूला १५ मिमी असा वेगळा हिशेब असतो. घरमालकाने बांधकाम चालू असतानाच कोणत्या भिंतीची कोणती बाजू दोरीची आहे, ते नकाशावर पेन्सिलीने लिहून ठेवावं. नंतर आठवत नाही.

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यात भिंती जांभ्याच्या. हाताने घडवलेल्या चिऱ्याचा पृष्ठभाग खाचखळग्यांचा असतो आणि दगड स्वतः सच्छिद्र. पहिला थर या छिद्रांत शिरतो, म्हणून विटांचा आडाखा इथे कमीच पडतो. मशीनने कापलेला चिरा बराच सपाट येतो, पण तोही पाणी शोषतो. भिंत आधी नीट भिजवली नाही तर मालातलं पाणी दगड ओढून घेतो आणि गिलावा भुसभुशीत राहतो. बाहेरून चिरा उघडा ठेवून फक्त दर्जा भरायचं ठरलं असेल, तर बाहेरच्या गिलाव्याचा माल हिशेबातून पूर्ण वगळायचा आणि दर्जाभरणीचा माल वेगळा धरायचा. हे दोन्ही एकाच रकमेत मिसळलेलं अनेक अंदाजपत्रकांत दिसतं.

एएसी ब्लॉकची भिंत मोठ्या, सारख्या मापाच्या ब्लॉकांची असते. नीट बांधली तर ती सपाट येते, सांधे बारीक असतात, त्यामुळे २० टक्क्यांची वाढ तिथे जास्त होते. पण ब्लॉक आणि काँक्रीटचे कॉलम-बीम जिथे भेटतात तिथे भेग पडण्याचा धोका मोठा असतो. त्या सांध्यावर दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जाईल अशी जाळी ठोकावी लागते. ही जाळी चौरस फुटांत नव्हे, तर धावत्या फुटांत मोजायची : प्रत्येक कॉलमच्या दोन्ही कडांची उंची आणि प्रत्येक बीमच्या खालची लांबी. विटांच्या भिंतीलाही हाच नियम.

काँक्रीटच्या गुळगुळीत पृष्ठभागाला गिलावा धरत नाही. तिथे टाचे मारावे लागतात किंवा सिमेंट-वाळूचा पातळ माल शिंपडून खडबडीतपणा आणावा लागतो. या कामाला माल थोडा लागतो, मजुरी मात्र लागते. अंदाजात तिला वेगळी ओळ द्यावी.

ब्रासमधलं पाणी

महाराष्ट्रात वाळू ब्रासवर विकली जाते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. गाडी आली की हौद्याची आतली लांबी, रुंदी आणि वाळूची सरासरी उंची फुटांत मोजायची, गुणायची आणि शंभराने भागायचं. १० फूट लांब, ५ फूट रुंद आणि २ फूट भरलेला हौदा म्हणजे बरोबर एक ब्रास.

पण ही वाळू ओलसर असेल तर एक ब्रास एक ब्रास राहत नाही. वाळूत ४-५ टक्के ओल असली की कणांभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा तयार होतो आणि कण एकमेकांपासून दूर राहतात. वाळू फुगते. बारीक वाळू जास्त फुगते. ही फूग २५ टक्के असेल तर १०० घनफूट ओल्या वाळूत खरी वाळू फक्त ८० घनफूट असते. गिलाव्याला बारीक वाळूच लागते, त्यामुळे हा फटका गिलाव्यात जास्त बसतो.

तपासणी सोपी आहे. सरळ काठांच्या काचेच्या बरणीत ओलसर वाळू न दाबता भरायची आणि उंची मोजायची, समजा २० सेंमी. ती एका भांड्यात काढून घ्यायची, बरणीत अर्धं पाणी घालायचं, वाळू पुन्हा त्यात टाकून ढवळायची आणि बसू द्यायची. पाण्यात पूर्ण बुडालेली वाळू फुगत नाही. आता उंची १६ सेंमी भरली, तर फूग ४ भागिले १६, म्हणजे २५ टक्के. वाळूची मागणी तेवढी वाढवायची आणि माल कालवतानाही वाळूचं माप तेवढं वाढवायचं. नाहीतर १:४ चा माल प्रत्यक्षात १:३.२ होतो, सिमेंट अंदाजापेक्षा जास्त उडतं आणि जास्त सिमेंटचा गिलावा आकसून बारीक भेगा देतो.

त्याच बरणीत वाळूवर बसलेल्या गाळाचा थरही दिसतो. तो वाळूच्या उंचीच्या ८ टक्क्यांहून जास्त दिसला तर वाळू धुऊन घ्यावी किंवा परत करावी. नदीची वाळू गिलाव्यासाठी चाळावी लागते आणि चाळणीवर उरलेले खडे गिलाव्याच्या उपयोगाचे नसतात. किती उरतात ते वाळूगणिक बदलतं. दहा घमेली चाळून किती खाली पडली ते पाहिलं की घट कळते. काळ्या दगडाची क्रश सँड घ्यायची असेल तर बांधकामाची आणि प्लास्टरची असे दोन प्रकार असतात, हे मागणी देताना स्पष्ट सांगावं. भरड क्रश सँडने गिलावा ओढला जात नाही आणि मिस्त्री मग तो मऊ करण्यासाठी सिमेंट वाढवतो.

बाहेरची बाजू : विसरलेले कोपरे

बाहेरचा गिलावा दोन थरांत होतो. राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत सँडफेस गिलाव्याचं वर्णन आहे : १:४ चा १५ मिमी जाड तळथर, त्यात सिमेंटच्या गोणीमागे एक किलो वॉटरप्रूफिंग कंपाउंड, आणि त्यावर ६ ते ८ मिमीचा, दाणे उघडे काढलेला थर. हा सगळा हिशेब वरच्याच रीतीने केला तर १०० चौरस फुटांना सिमेंट सुमारे १.८ गोण्या, वाळू ९ घनफूट आणि कंपाउंड १.३ किलो लागतं.

आता ३० बाय २० फुटांचं एकमजली घर घेऊ. घेर १०० फूट, जमिनीपासून गच्चीच्या कठड्याच्या माथ्यापर्यंत उंची १५ फूट, म्हणजे १५०० चौरस फूट. दोन दारं आणि सहा खिडक्या मिळून १४५ चौरस फूट वजा केले की १३५५ राहतात. पुष्कळ अंदाज इथेच थांबतात.

पण गिलावा इथे थांबत नाही. कठडा तीन फूट उंच असेल तर त्याची आतली बाजू २९० चौरस फूट भरते. साडेचार इंची कठड्याचा माथा ३७. दार-खिडक्यांवरचे आठ छज्जे, प्रत्येकी पाच फूट लांब आणि दीड फूट पुढे आलेले, वरून, खालून आणि कडांनी मिळून १४०. खिडक्यांच्या आत वळणाऱ्या कडा ३६. बेरीज ५०० चौरस फुटांच्या पुढे. वजा केलेल्या दार-खिडक्यांच्या ती तिपटीहून जास्त आहे! जिना वर गेला असेल तर त्याची खोली, पाण्याच्या टाकीचा चौथरा, फाटकाचे खांब हे आणखी वेगळे.

एकूण १८५५ चौरस फूट धरले तर सिमेंट ३४ गोण्या, कंपाउंड २४ किलो आणि कोरडी वाळू १६६ घनफूट. वाळू २५ टक्के फुगलेली असेल तर गाडीत २०८ घनफूट, म्हणजे दोन ब्रासहून किंचित जास्त घ्यावी लागेल. चाळणीवरची घट त्यावर.

मालाचं माप वेगळं, मजुरीचं वेगळं

ठेकेदाराशी भांडण होतं ते बहुधा दार-खिडक्यांच्या वजावटीवरून. मजुरी मोजण्यासाठी भारतीय मानक १२०० च्या १२ व्या भागात नियम दिलेले आहेत. अर्धा चौरस मीटर, म्हणजे साधारण ५.४ चौरस फुटांपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट करायची नाही आणि तिच्या कडाही मोजायच्या नाहीत. अर्ध्यापासून तीन चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे ३२ चौरस फुटांपर्यंत, वजावट भिंतीच्या एकाच बाजूची करायची. दुसऱ्या बाजूची न केलेली वजावट हाच कडांचा मोबदला. तीन चौरस मीटरहून मोठी जागा असेल तर दोन्ही बाजूंनी वजा करायची आणि कडा प्रत्यक्ष मोजून मिळवायच्या.

घरातली नेहमीची दारं-खिडक्या या मधल्या गटात बसतात. वर घेतलेली ४ बाय ४ ची खिडकी १६ चौरस फुटांची आणि ३ बाय ७ चं दार २१ चौरस फुटांचं. त्यामुळे मजुरीच्या बिलात गिलाव्याचं क्षेत्रफळ मालाच्या हिशेबापेक्षा थोडं जास्त आलं तर ते चुकीचं नाही. मात्र कोणता नियम पाळायचा ते काम सुरू होण्यापूर्वी करारात लिहिलेलं हवं. परांची कोणी बांधायची, छज्जे चौरस फुटांत धरायचे की नगावर, भिंतीत खाचा मारून बसवलेल्या पाइपांवरची भरणी कोणाच्या खात्यात, हेही त्याच कागदावर यावं.

माल मागवताना

सगळं सिमेंट एकदम आणून ठेवू नये. तीन महिन्यांहून जुनं सिमेंट तपासल्याशिवाय वापरायचं नसतं आणि पावसाळ्याच्या हवेत ते आणखी लवकर ओल धरतं. गोण्या लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर अंतरावर आणि दहापेक्षा जास्त उंच न रचता ठेवाव्यात. लागणाऱ्या गोण्या दोन-तीन खेपांत मागवल्या तर अंदाज चुकला तरी उरलेलं सिमेंट पडून राहत नाही.

वाळूचं माप घमेल्यावर सोडू नये. घमेली लहान-मोठी असतात आणि कधी शिगोशीग, कधी अर्धी भरली जातात. ४० बाय ३५ बाय २५ सेंमीची पेटी ३५ लिटरची होते, म्हणजे साधारण एका गोणीएवढी. एक गोणी सिमेंटला चार सपाट पेट्या वाळू, आणि ओली असेल तर फुगीइतकी जास्त. सिमेंट घट्ट व्हायला लागलेला माल पुन्हा पाणी घालून वापरला की गिलावा कच्चा राहतो, म्हणून एका वेळी अर्ध्या तासात संपेल इतकाच माल कालवावा. दुपारच्या जेवणाआधी कालवून ठेवलेला ढीग हा वाया जाणारा माल असतो, आणि तो कोणत्याही टक्केवारीत बसत नाही.

आतल्या भिंतींना जिप्सम प्लास्टर करायचं ठरलं तर हिशेब सोपा होतो. वाळू नाही, पाणी मारणं नाही. २५ किलोची गोणी १२-१३ मिमी जाडीला २० ते २२ चौरस फूट धरते, आणि नेमका आकडा गोणीवर छापलेला असतो. पण जाडीचा नियम इथेही तोच. जिप्सम महाग असल्यामुळे वाकड्या भिंतीचा भुर्दंड आणखी जास्त बसतो. ओल येणाऱ्या जागी, न्हाणीघरात आणि बाहेर जिप्सम चालत नाही, तेव्हा तिथलं सिमेंट आणि वाळू वेगळी धरावी.

इतकं करूनही अंदाज हा अंदाजच असतो, म्हणून पहिल्या खोलीत तो तपासून पाहावा. खोली सुरू करताना गोण्या मोजून ठेवायच्या आणि पूर्ण झाल्यावर किती संपल्या ते लिहायचं. वरच्या खोलीच्या उदाहरणात ५.८ गोण्या धरल्या होत्या आणि प्रत्यक्षात साडेसहा लागल्या, तर वापर १२ टक्क्यांनी जास्त आहे. दोरी पुन्हा लावून पाहायची, पेटीचं माप आणि वाळूची फूग तपासायची. कारण सापडलं तर दुरुस्त करायचं. नाही सापडलं, तर उरलेल्या प्रत्येक खोलीच्या आकड्यात तेवढे १२ टक्के मिळवून पुढची खेप मागवायची.